सोलरचं गरम पाणी: घरमालकांकडून वारंवार येणारे प्रश्न

‘सोलर तापत नाही’ अशी तक्रार आली की मी आधी वर चढतो आणि टाकीतून बाहेर पडणाऱ्या पाइपवर हात ठेवतो. बहुतेक वेळा चटका बसतो. म्हणजे पाणी तापलेलं असतं. ते नळापर्यंत पोचत नसतं, वाटेत निवत असतं किंवा मध्येच कुठेतरी त्यात गार पाणी घुसत असतं. सोलर बसवणं आणि दुरुस्त करणं या कामात इतकी वर्षं काढल्यावर माझं मत पक्कं झालं आहे. लोक पॅनेल निवडायला महिनाभर चर्चा करतात आणि टाकीपासून न्हाणीघरापर्यंतचा पाइप प्लंबरच्या मर्जीवर सोडून देतात. खालच्या उत्तरांत मी पाइपाबद्दल जरा जास्तच बोललो आहे, ते त्यामुळेच.

हे चालतं कसं? पंप लागतो का?

घरगुती सिस्टीमला बहुधा पंप लागत नाही. पाणी तापलं की हलकं होतं आणि वर चढतं, गार पाणी जड म्हणून खाली उतरतं. पॅनेल खाली आणि टाकी वर ठेवली की ऊन असेपर्यंत हा फेरा आपोआप चालू राहतो. याला थर्मोसायफन म्हणतात. टाकी पॅनेलपेक्षा खाली, घराच्या आत ठेवायची असेल तरच पंप आणि त्याला चालू-बंद करणारा कंट्रोलर लागतो.

एक गोष्ट आधीच लक्षात घ्या, कारण निम्मी कोडी तिथेच सुटतात. टाकी नेहमी भरलेली असते. तुम्ही नळ सोडता तेव्हा खालून गार पाणी आत येतं आणि ते वरचं गरम पाणी बाहेर ढकलतं. टाकीत येणारा गार पाण्याचा कॉक बंद असेल, तर टाकीभर कढत पाणी असूनही नळाला काही येणार नाही.

वीज बनवणारं सोलर आणि हे एकच का?

नाही. वीज बनवणारं पॅनेल उन्हातली साधारण पाचव्या हिश्शाएवढी ऊर्जा विजेत बदलतं. पाणी तापवणारं पॅनेल उन्हातली निम्मी किंवा त्याहून जास्त ऊर्जा सरळ पाण्यात उतरवतं. त्यामुळे गरम पाण्यापुरतं बोलायचं तर तेवढ्याच छतावर हेच जास्त काम करतं. घरात आधीच भरपूर सोलर वीज तयार होत असेल, तर त्या विजेवर हीट पंप चालवणं हाही चांगला मार्ग आहे, कारण हीट पंप बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून पाण्यात घालतो आणि १ युनिट वीज घेऊन ३ युनिटच्या आसपास उष्णता देतो. पण छत लहान असेल आणि हलणाऱ्या भागांची कटकट नको असेल, तर माझा कौल साध्या सोलर बंबाला.

किती लिटरची घ्यावी?

माणसं मोजून लिटर ठरवू नका, आंघोळीची पद्धत मोजा. अंगावर घ्यायचं पाणी ४० अंशांच्या आसपास असतं. टाकीतलं पाणी ६० अंश आणि नळाचं गार पाणी २० अंश असेल, तर निम्मं-निम्मं मिसळून ४० होतं. बादलीभर, म्हणजे २० लिटर पाण्यात आंघोळ उरकणाऱ्याला टाकीतलं १० लिटरच लागतं. मिनिटाला ८ लिटर सोडणाऱ्या शॉवरखाली ८ मिनिटं उभं राहणारा ६४ लिटर वापरतो, म्हणजे टाकीतलं ३२ लिटर. अशी चार माणसं झाली की १२८ लिटर गेलं. भांडी आणि पाइपात अडकणारं पाणी धरलं तर २०० लिटरची टाकी योग्य. बादलीवाल्या चौघांना १०० लिटर पुरून उरतं.

हिशेबाची दुसरी बाजू पॅनेलची. १०० लिटर पाणी ४० अंशांनी तापवायला ४.६५ युनिट उष्णता लागते. चांगल्या उन्हाच्या दिवशी एका चौरस मीटरवर दिवसभरात ५ युनिट ऊन पडतं असं धरलं आणि त्यातलं निम्मं पाण्यात उतरलं, तर १०० लिटरमागे २ चौरस मीटर पॅनेल लागतं. कोणी तुम्हाला त्याच पॅनेलवर दुप्पट मोठी टाकी ‘फायद्यात’ देत असेल तर घेऊ नका. पाणी दुप्पट होईल, पण कोमट राहील.

काचेच्या ट्यूब घ्याव्यात की चपटं पॅनेल?

ट्यूब म्हणजे एकात एक बसवलेल्या काचेच्या दोन नळ्या. मधली हवा काढून घेतलेली असते, अगदी थर्मासासारखी. आतल्या नळीवर ऊन शोषणारा गडद लेप असतो. ऊन निर्वात जागेतून आत जातं, पण उष्णतेला बाहेर पडायला वाट नसते. म्हणून थंड वाऱ्यात आणि विरळ ढगांतही ट्यूब बऱ्यापैकी तापतात.

चपट्या पॅनेलमध्ये तांब्याच्या बारीक नळ्या असतात, त्यांना जोडलेला काळा पत्रा आणि वर कडक काच. भर उन्हाळ्यात दोघांत फार फरक जाणवत नाही, गारठ्यात ट्यूब पुढे जाते.

तरी मी सरसकट ट्यूबच घ्या असं म्हणत नाही. ट्यूब फुटू शकते, आणि साध्या प्रकारात पाणी थेट ट्यूबमध्येच असल्यामुळे एक फुटली की पाणी वाहून जातं. चपटं पॅनेल दणकट असतं आणि दाबाच्या पाण्यावरही चालतं. पण क्षार असले की त्याच्या बारीक नळ्या आधी चोंदतात. म्हणजे निवड शेवटी तुमच्या पाण्यावर येऊन थांबते.

आमचं पाणी बोअरचं आहे, जड आहे. चालेल का?

चालेल, पण आधी पाण्याची तपासणी करून घ्या. क्षारांचा त्रास तापमानाबरोबर वाढतो. गार पाण्यात विरघळलेला कॅल्शियमचा अंश पाणी तापलं की दगडासारखा थर होऊन बसतो, आणि ६० अंशांच्या वर हे फार वेगाने होतं. चपट्या पॅनेलची जुनी नळी मी एकदा आडवी कापून पाहिली होती. बोटभर जाडीच्या त्या तांब्याच्या नळीत पाणी जायला काडी जाईल एवढंच भोक उरलं होतं, बाकी सगळा पांढरा खडू. बाहेरून पॅनेल नव्यासारखं चकचकीत होतं.

ट्यूबमध्येही क्षार साठतात, पण तळाशी. त्यामुळे काम लगेच अडत नाही. टाकीच्या बाबतीत क्षारांपेक्षा क्लोराइड जास्त वैरी. ३०४ दर्जाच्या स्टेनलेस स्टीललाही क्लोराइडवाल्या गरम पाण्यात, विशेषतः वेल्डिंगच्या कडेला, सुईच्या टोकाएवढी छिद्रं पडतात. ३१६ दर्जा अधिक टिकतो. आतून काचेसारखा मुलामा दिलेली पोलादी टाकीही अशा पाण्याला बरी, मात्र टाकीऐवजी स्वतः झिजणारा तिच्यातला मॅग्नेशियमचा दांडा वेळेवर बदलावा लागतो. पाणी फारच जड असेल तर हीट एक्स्चेंजरची, म्हणजे पाणी न मिसळता फक्त उष्णता पुढे देणारी सिस्टीम घ्या. तिच्यात पॅनेलमधलं पाणी वेगळं असतं, ते बदलतच नाही, म्हणून नवे क्षार येत नाहीत.

पॅनेलचं तोंड कुठे करावं, उतार किती द्यावा?

उत्तर गोलार्धात दक्षिणेकडे, दक्षिण गोलार्धात उत्तरेकडे. थोडं तिरकं बसलं तर आकाश कोसळत नाही. ३० अंशांपर्यंत इकडेतिकडे झालं तरी तोटा किरकोळ असतो. उतार तुमच्या जागेच्या अक्षांशाएवढा, अधिक १० ते १५ अंश ठेवावा. गरम पाण्याची गरज थंडीत असते आणि तेव्हा सूर्य खालून चालतो, म्हणून पॅनेल थोडं जास्त उभं करायचं.

सावलीची पाहणी करायची ती हिवाळ्यात, सकाळी ९ ते दुपारी ३ या वेळेत. उन्हाळ्यात मोकळी दिसणारी गच्ची डिसेंबरमध्ये शेजारच्या भिंतीच्या सावलीत बुडालेली मी पाहिली आहे. शिवाय लहान झाड वाढणार आहे, हेही धरून चाला.

नळ सोडल्यावर आधी कितीतरी वेळ गारच पाणी येतं. असं का?

हा सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे, आणि याचं उत्तर शाळेतल्या गणितात आहे.

आतून २० मिलिमीटर व्यासाच्या पाइपात मीटरमागे साधारण ०.३ लिटर पाणी मावतं. टाकीपासून नळापर्यंत २० मीटर पाइप असेल, तर आधीचं निवलेलं ६ लिटर पाणी बाहेर पडल्याशिवाय गरम पाणी येऊच शकत नाही. बरं, ते बाहेर पडलं म्हणजे तेवढंच गरम पाणी पाइपात येऊन बसलं. नळ बंद केल्यावर तेही निवणार. तासातासाच्या अंतराने चार जणांनी आंघोळ केली की सुमारे २५ लिटर पाणी वाया गेलं आणि तेवढंच गरम पाणी पाइपाने खाल्लं. १०० लिटरच्या टाकीचा चौथा हिस्सा असा रोज जातो आणि दोष पॅनेलला लागतो.

उपाय क्रमाने सांगतो. पहिला आणि सर्वांत मोठा: टाकी न्हाणीघराच्या शक्य तितकी डोक्यावर बसवा. छताचा कुठला कोपरा ‘मोकळा’ आहे हे नंतर बघा. दुसरा: पाइप गरजेपेक्षा जाड घेऊ नका. आतून १५ मिलिमीटरच्या पाइपात त्याच २० मीटरला साडेतीन लिटरच मावतं. अर्थात पाणी नुसत्या उताराने येत असेल तर फार बारीक पाइपाने धार मरते, तेव्हा मुख्य पाइप थोडा जाड आणि नळाकडे जाणारा फाटा बारीक असं जमवावं. तिसरा: काळ्या फोमचं वेष्टण, आणि त्यावर ऊन अडवणारं आवरण. उघडा फोम उन्हात दोन-तीन वर्षांत भुगा होतो. मग पाइपावर लोंबणाऱ्या चिंध्या राहतात आणि आत उघडा पाइप. भिंतीत गाडलेल्या पाइपालाही वेष्टण लागतंच. भिंत उष्णता शोषून घेते, धरून ठेवत नाही.

वेष्टणाने गरम पाणी रात्रभर गरम राहणार नाही, तासाभराच्या आतल्या दोन आंघोळींमध्ये मात्र त्याचा मोठा उपयोग होतो. म्हणून घरच्यांनी शक्यतो पाठोपाठ आंघोळी उरकाव्यात. सुरुवातीचं गार पाणी बादलीत धरा आणि झाडांना किंवा फरशीला वापरा. मोठ्या घरात परतीचा पाइप आणि टायमरवर चालणारा छोटा पंप बसवून गरम पाणी फिरतं ठेवता येतं, पण तो पंप दिवसभर चालू ठेवला तर सगळं घर तापवत बसाल.

वर टाकीत पाणी कढत आहे आणि खाली सगळीकडे कोमट येतं. पाइपही लांब नाही.

मग गार पाणी आत घुसतं आहे. हा दोष शोधायला मी स्वतः एकदा दोन दिवस घालवले होते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

एका घरात नवी कोरी सिस्टीम. संध्याकाळी टाकीजवळ थर्मामीटर ६२ अंश दाखवायचा, सकाळी नळाला ३५ अंशांचं पाणी. आम्ही ट्यूब तपासल्या, टाकीचं आवरण तपासलं, अँगलची दिशासुद्धा मोजली. काहीच सापडेना. दुसऱ्या दिवशी पाहुण्यांच्या न्हाणीघरात डोकावलो. तिथे मिक्सरला लवचिक नळी आणि तिच्या टोकाला दाबून सोडायचा फवारा होता. फवारा बंद, पण मिक्सरच्या गरम आणि गार दोन्ही चाव्या उघड्या. गार पाण्याच्या लाइनला प्रेशर पंप, गरम पाणी मात्र नुसत्या उताराचं. बाहेर पडायला वाट नाही म्हटल्यावर दाबाचं गार पाणी मिक्सरमधून सरळ गरम लाइनमध्ये शिरत होतं आणि पूर्ण घरात पसरत होतं. त्या न्हाणीघरात आठवडाभर कोणी पाऊलही टाकलं नव्हतं, त्यामुळे तिकडे कोणाचं लक्षच गेलं नाही. दोन चाव्या फिरवल्या आणि तक्रार संपली.

तुमच्याकडे असं होतंय का, हे पाच मिनिटांत कळतं. सोलरच्या टाकीत जाणारा गार पाण्याचा कॉक बंद करा आणि खाली कोणताही गरम पाण्याचा नळ सोडा. थोडं पाणी येऊन धार थांबायला हवी. धार थांबलीच नाही, तर ते पाणी सोलरमधून येत नाहीये. कुठल्यातरी मिक्सरमधून गार पाणी उलट येतंय. मग एकेका न्हाणीघराचे कॉक बंद करत गुन्हेगार शोधा. कायमचा उपाय म्हणजे अशा मिक्सरच्या गरम बाजूला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप बसवणं आणि फवाऱ्याऐवजी मिक्सर बंद करायची सवय लावणं.

शॉवरला जोर नाही. प्रेशर पंप लावू का?

लावा, पण जागा चुकवू नका. पाण्याच्या १० मीटर उंचीला १ बार दाब मिळतो. शॉवरपासून टाकी २ मीटर वर असेल तर ०.२ बारच मिळणार, त्यात मोठ्या तबकडीचा शॉवर रडतखडतच चालतो.

सर्वसाधारण सोलर टाकी पातळ पत्र्याची आणि हवेला उघडी असते. दाब सोसायला ती बनवलेलीच नसते. तिच्या आधी, म्हणजे गार पाण्याच्या बाजूला पंप जोडला तर टाकी फुगते आणि शिवण उसवते. अशा टाकीला पंप बाहेर पडणाऱ्या गरम लाइनवर लावायचा, आणि तो गरम पाण्यासाठी बनवलेला असला पाहिजे. गार बाजूला पंप हवाच असेल तर टाकीच दाबाची घ्यावी लागते, सेफ्टी व्हॉल्व्हसकट.

याच संदर्भात त्या उभ्या नळीबद्दल सांगतो. टाकीच्या माथ्यावरून एक नळी वर गेलेली असते आणि तिचं तोंड गार पाण्याच्या टाकीतल्या पातळीपेक्षा उंच ठेवलेलं असतं. तिच्यातून टाकी श्वास घेते. वाफ, हवा तिथून बाहेर पडते आणि पाणी उपसलं जाताना हवा आत येते. नळीतून पाण्याचे थेंब पडतात म्हणून कोणीतरी तिला बूच मारतो. मग वरच्या टाकीतलं पाणी संपलं असताना खाली नळ सोडला की सोलरच्या टाकीत पोकळी तयार होते आणि टाकी पत्र्याच्या डब्यासारखी आत चेपते. थेंब पडत असतील तर नळी उंच करा. बूच कधीही मारू नका.

पाइप कोणता वापरावा?

साधा पीव्हीसी अजिबात नको, ६० अंशांच्या पुढे तो मऊ पडून वाकतो आणि सोलरचं पाणी उन्हाळ्यात ८० अंशांच्या वर सहज जातं. गरम पाण्यासाठीचा सीपीव्हीसी, पीपीआर किंवा कंपोझिट पाइप चालतो. टाकीच्या तोंडाशी पहिले एक-दोन मीटर मी धातूचाच पाइप घालतो, कारण वाफेचा फटका तिथेच बसतो.

ढगाळ दिवसांत काय करायचं? हीटर टाकीतच बसवावा का?

विरळ ढगात पाणी तापतं, कमी तापतं. सलग काळोखी आली की तापत नाही. म्हणून पर्यायी सोय हवीच.

टाकीत विजेचा हीटर बसवता येतो, पण तो केव्हा चालवायचा यावर सगळं अवलंबून आहे. रात्रभर चालू ठेवलात तर सकाळी टाकी तापलेली असते, मग दिवसभर पडणाऱ्या उन्हाला करायला काम उरत नाही. बिल येतं आणि ‘सोलरचा उपयोग नाही’ असं वाटतं. हीटरला टायमर लावा आणि आंघोळीच्या तासभर आधी सुरू करा. १०० लिटर पाणी १५ अंशांनी वाढवायला पावणेदोन युनिट लागतात. २ किलोवॉटचा हीटर तेवढं काम तासाभरात करतो. हीटर टाकीच्या तळाऐवजी मध्यावर असेल तर वरचा निम्माच साठा तापतो, हे आणखी चांगलं.

मला स्वतःला दुसरी सोय जास्त आवडते: न्हाणीघरातच छोटा गिझर, आणि त्याला सोलरचंच पाणी जोडलेलं. पाइपातलं निवलेलं पाणी आधी गिझरमध्ये शिरतं, आतल्या गरम साठ्यात मिसळतं; मागून सोलरचं गरम पाणी आलं की हीटर आपोआप बंद होतो. तुमचा गिझर गरम पाणी आत घ्यायला चालतो का, एवढं त्याच्या पुस्तिकेत बघून घ्या.

संध्याकाळी वापरावं की सकाळी?

संध्याकाळी पाणी सर्वांत गरम असतं. चांगल्या टाकीत रात्रभरात पाच-सात अंशांची घट होते, ती चालण्यासारखी आहे. पण संध्याकाळी अर्धी टाकी वापरली की तिच्यात तेवढंच गार पाणी भरतं आणि रात्री ऊन नसतं. सकाळी वाट्याला वरचा उरलेला अर्धाच साठा येतो. धुणं-भांड्यांना गरम पाणी लागत असेल तर ते काम सकाळच्या आंघोळी झाल्यावर दुपारपर्यंत उरका, म्हणजे टाकीला पुन्हा तापायला ऊन मिळतं.

साठवण हा किती कळीचा मुद्दा आहे ते या यंत्राच्या इतिहासातही दिसतं. १८९१ मध्ये अमेरिकेत क्लॅरन्स केम्प यांनी काच लावलेल्या पेटीत काळ्या टाक्या ठेवून पाणी तापवायचं पेटंट घेतलं. पाणी दुपारी तापायचं, पण टाकी उघड्यावरच असल्याने रात्री निवायचं. १९०९ मध्ये विल्यम बेली यांनी तापवायचा भाग आणि साठवायची टाकी वेगळी केली, टाकीला वेष्टण घातलं आणि तिला नावच दिलं ‘डे अँड नाइट’. आज आपल्या छतावर आहे ती मांडणी मुळात हीच.

रातोरात पाणी पाच-सात अंशांपेक्षा बरंच जास्त उतरत असेल तर दोन गोष्टी बघा. टाकीच्या आवरणात पाणी शिरून आतला फोम भिजला असेल. किंवा, चपट्या पॅनेलच्या बाबतीत, टाकी पुरेशी उंच नसेल. तिचा तळ पॅनेलच्या वरच्या कडेपेक्षा ३० सेंटिमीटर तरी वर हवा, नाहीतर रात्री फेरा उलटा फिरतो आणि पॅनेल तुमचं पाणी आकाशाला निववून देतं.

पाणी फार कढत येतं. लहान मूल आहे घरात.

हे गंभीरपणे घ्या. ६० अंशांचं पाणी काही सेकंदांत कातडी भाजतं, आणि लहान मुलांची व म्हाताऱ्या माणसांची कातडी नाजूक असते. नळ बदलण्याआधी टाकीच्या बाहेरच्या लाइनवर तापमान बांधून देणारा मिक्सिंग व्हॉल्व्ह बसवा. तो गार पाणी मिसळून ४५ ते ५० अंशांच्या आतच पाणी पुढे सोडतो. बादलीत नेहमी आधी गार, मग गरम पाणी.

टाकीतलं पाणी मात्र कायम कोमट ठेवू नका. २० ते ४५ अंशांच्या साठलेल्या पाण्यात लिजिओनेला नावाचे जंतू वाढतात आणि शॉवरच्या तुषारांतून ते फुप्फुसात जातात. ६० अंशांना ते मरतात. ढगाळ आठवड्यानंतर एकदा हीटर लावून टाकी ६० अंशांवर नेणं चांगलं. म्हणजे टाकीत कढत आणि नळाला सोसवेल असं.

सोलरचं पाणी प्यायला, स्वयंपाकाला चालेल का?

नको. टाकीत गाळ आणि क्षार बसतात, पाणी दिवसेंदिवस साठून राहतं.

महिनाभर बाहेरगावी जाणार आहोत. काय करावं?

पॅनेल जाड कापडाने किंवा ताडपत्रीने झाका आणि हीटरची वीज बंद करा. टाकी रिकामी करून जाऊ नका. कोरड्या ट्यूब उन्हात २०० अंशांच्या वर तापतात.

परत आल्यावर टाकी रिकामी असल्याचं दिसलं, तर भर दुपारी कॉक उघडण्याचा मोह आवरा. तापलेल्या काचेत गार पाणी शिरलं की एकामागून एक ट्यूब तडकतात. सूर्य उगवण्याआधी पाणी भरा. नव्या सिस्टीमलाही हाच नियम.

आमच्याकडे पाणी गोठतं. ट्यूब टिकतील?

पाणी गोठताना ९ टक्के फुगतं आणि तांब्याची नळी फाडतं. ट्यूब निर्वाततेमुळे बऱ्याच सुरक्षित असतात, धोका उघड्या पाइपांना. अशा ठिकाणी हीट एक्स्चेंजर आणि त्यात न गोठणारं ग्लायकॉलमिश्रित पाणी असलेलीच सिस्टीम घ्या. साधी सिस्टीम बसवून रोज रात्री पाणी सोडून द्यायचे उपाय कोणीतरी सुचवतात. एक रात्र विसरली की पॅनेल गेलं.

ट्यूब खराब झाली हे कसं ओळखायचं?

ट्यूबच्या खालच्या बंद टोकाला आतून चंदेरी आरसा दिसतो. तो बेरियमचा थर असतो. उरलीसुरली हवा तो शोषून घेतो आणि निर्वातता गेली की पांढरट, दुधी पडतो. प्लॅस्टिकची टोपी काढली की लगेच दिसतं. दुसरी खूण हाताला कळते: भर उन्हात चांगली ट्यूब बाहेरून गारच लागते, खराब झालेली तापलेली लागते. एखादी गेली तर तेवढीच बदलता येते, सगळा संच बदलायची गरज नसते. रबरी सील मात्र त्याच वेळी नवं घाला.

देखभाल काय करावी लागते?

थोडीच, पण नियमाने. धूळ दिसली की सकाळी किंवा संध्याकाळी साध्या पाण्याने आणि मऊ फडक्याने काच पुसा, उन्हात नाही. वर्षातून एकदा टाकीच्या तळाचा कॉक उघडून गाळ वाहू द्या. पाणी नितळ होईपर्यंत. मॅग्नेशियमचा दांडा असलेली टाकी असेल तर तो वर्षा-दोन वर्षांनी काढून बघा. तो झिजतो म्हणूनच टाकी वाचते. पेन्सिलीसारखा बारीक झाला की बदला. क्षार साठले असतील तर सायट्रिक अॅसिडसारख्या सौम्य आम्लाने धुऊन काढतात. जालीम अॅसिड टाकून एका तासात ‘क्लीन’ करून देणाऱ्याला परत पाठवा, त्यात टाकीचा पत्राही जातो.

छताला वजन झेपेल का?

२०० लिटरची सिस्टीम भरल्यावर, ट्यूबमधलं पाणी आणि लोखंडी सांगाडा धरून, ३०० किलोच्या आसपास जाते. काँक्रीटच्या गच्चीला हे जड नाही, पण पाय बीमजवळ किंवा भिंतीच्या डोक्यावर यावेत. पत्र्याच्या किंवा कौलारू छताला स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय हात लावू नका. वजनाइतकीच वाऱ्याची काळजी: रिकामी सिस्टीम वादळात पतंगासारखी उचलली जाते. सांगाडा बोल्टने बांधा. त्यासाठी गच्चीला भोकं पाडण्याऐवजी काँक्रीटचे ठोकळे ओतून त्यात बोल्ट पुरले तर गळतीही होत नाही.

सिस्टीम बसवून झाली. पैसे चुकते करण्याआधी काय बघावं?

बसवणाऱ्याला घेऊन वर जा. गार पाणी आत येणारा कॉक, गरम बाहेर जाणारा कॉक आणि गाळ काढायचा कॉक स्वतः ओळखा, आणि तिन्हींवर ऑइलपेंटने नावं लिहून घ्या. कागदी चिठ्ठी पहिल्या पावसात जाते. पाइपांचे फोटो भिंत बुजवायच्या आधी काढून ठेवा. मग स्वच्छ उन्हाच्या दिवशी संध्याकाळी टाकीच्या तोंडाशी, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे टाकीच्या तोंडाशी आणि सर्वांत लांबच्या नळाला थर्मामीटर लावा. त्या नळाला गरम पाणी यायला किती लिटर वाहू द्यावं लागलं, तेही बादलीत मोजा. हे चार आकडे वहीत तारखेसह लिहून ठेवा. पुढे कधी पाणी कोमट वाटलं तर पुन्हा तेच चार आकडे घ्या. कोणता बदलला, ते बघून दोष वर आहे की वाटेत, हे दुरुस्तीवाला यायच्या आधी तुम्हालाच कळलेलं असेल.